शब्द तसाच राहू द्या, शेजारी पुरावा ठेवा



१९ नोव्हेंबर २०२४ ची रात्र आठवून पाहा. महाराष्ट्र विधानसभेच्या प्रचाराच्या तोफा आदल्या दिवशीच थंडावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मतदान सुरू व्हायचं होतं. राज्यात साडेनऊ कोटींहून जास्त मतदार. अशा वेळी मोबाइलवर काही ऑडिओ क्लिप फिरू लागल्या. निवडणुकीत बिटकॉइनचा पैसा वापरला जातोय असा आरोप होता, आणि क्लिपमधले आवाज विरोधी पक्षांचे नेते सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे आहेत असा दावा होता. भारतीय जनता पक्षाच्या अधिकृत खात्यावरूनही या क्लिप प्रसिद्ध झाल्या. सुळे यांनी हा आवाज आपला नाही असं सांगितलं आणि निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. तथ्यपडताळणी करणाऱ्या मुंबईच्या ‘बूम’ या संस्थेनं क्लिप तपासल्या, तेव्हा त्यातल्या काही कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेल्या असाव्यात अशी दाट शक्यता दिसली.

मूळ आरोपात तथ्य किती, हे ठरवणं तपास यंत्रणांचं काम आहे. मी त्यात पडत नाही. मला बोलायचंय ते मतदाराबद्दल. प्रचार संपला होता. उत्तर द्यायला सभा नाही, उलट प्रश्न विचारायला व्यासपीठ नाही. क्लिप हातातल्या हातात ऐकता येत होती, आणि तिची तपासणी वाचायची तर ती शोधत दुसरीकडे जावं लागत होतं. किती जण गेले असतील? सकाळी उठून रांगेत उभं राहायचं असलेला माणूस रात्री अकरा वाजता तपासणीचे अहवाल शोधत बसत नाही. आणि त्याला त्याबद्दल दोष देता येणार नाही.

म्हणून आजचा प्रश्न असा, की राजकीय नेते आणि पक्ष समाजमाध्यमांवर जे लिहितात, दाखवतात, त्याची पडताळणी त्या माध्यमांनी करावी का? माझं उत्तर आहे, करावी. नेत्याचा मजकूर काढू नये, झाकू नये, त्यातला एक शब्दही बदलू नये. पण त्याच्या अगदी खाली, नजरेत भरेल अशी, पुराव्यासकट माहिती असावी.

हे पहिल्यांदा ठळकपणे घडलं ते अमेरिकेत, २६ मे २०२० रोजी. डोनाल्ड ट्रम्प तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते आणि ट्विटरवर त्यांचे आठ कोटींच्या घरात अनुयायी होते. टपालानं होणाऱ्या मतदानात मोठा घोटाळा होणार, टपालपेट्या लुटल्या जाणार, आणि कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर राज्यात राहणाऱ्या कोणालाही मतपत्रिका पाठवत आहेत, असं त्यांनी लिहिलं. ट्विटरनं ते ट्विट काढलं नाही. त्याखाली निळ्या रंगात उद्गारचिन्ह आणि एक छोटी ओळ दिली. टपाली मतपत्रिकांविषयीची तथ्यं जाणून घ्या, असा त्या ओळीचा आशय. ती ओळ दाबली की पान उघडायचं, आणि तिथं साधी माहिती होती, की कॅलिफोर्नियात मतपत्रिका जाणार आहेत त्या फक्त नोंदणीकृत मतदारांना.

झालं ते एवढंच. ट्रम्प यांचं म्हणणं जसंच्या तसं शाबूत होतं. ज्याला त्यावर विश्वास ठेवायचा होता, त्याला कोणी अडवलं नव्हतं. तरी दोनच दिवसांत, २८ मे रोजी, समाजमाध्यम कंपन्यांचं कायदेशीर संरक्षण कमी करण्याच्या दिशेनं राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला. नेत्याच्या शब्दाखाली एक ओळ आली आणि त्यावर सरकारी आदेश निघाला! त्या एका ओळीत किती ताकद आहे, हे मला तिथं कळलं.

याच सुमारास फेसबुकचे मार्क झुकेरबर्ग म्हणाले, की सत्याचे निवाडे करणं हे खासगी कंपन्यांचं काम नव्हे. हे वाक्य ऐकायला रास्त वाटतं. मीही त्यावर पुष्कळ विचार केला. कॅलिफोर्नियात बसलेल्या एका कंपनीनं आपल्याकडच्या नेत्याचं खरं-खोटं करावं, हे कोणालाही खटकेल. पण फेसबुक प्रत्यक्षात काय करत होतं ते पाहू. २०१६ च्या डिसेंबरपासून त्यांनी बाहेरच्या स्वतंत्र संस्थांकडून पडताळणी सुरू केली होती. तुम्ही-आम्ही लिहिलेली एखादी गोष्ट खोटी ठरली, तर तिच्यावर पट्टी यायची आणि ती कमी लोकांपर्यंत पोचेल अशी व्यवस्था व्हायची. या तपासणीतून सूट कोणाला? राजकीय नेत्यांना! पदावर असलेले, निवडणूक लढवणारे, पक्ष आणि पक्षांचे प्रमुख. शाळेतल्या शिक्षकानं चुकून खोटी बातमी पुढं पाठवली तर तपासणी, आणि लाखो लोक ज्याचं ऐकतात त्याला मोकळीक. माझ्या मते हे पूर्ण उलटं आहे. ज्याच्या शब्दानं जास्त माणसं हलतात, त्याचा शब्द आधी तपासायला हवा.

या सवलतीचं समर्थन करताना कंपनीचे तेव्हाचे पदाधिकारी आणि ब्रिटनचे माजी उपपंतप्रधान निक क्लेग यांनी २०१९ मध्ये टेनिसचा दाखला दिला होता. मैदान सपाट ठेवणं, रेषा आखणं, जाळी योग्य उंचीवर बांधणं हे आमचं काम. रॅकेट घेऊन खेळायला उतरणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. पण रेषा आखतात ती चेंडू आत पडला की बाहेर, हे सांगता यावं म्हणूनच ना? ते सांगायला कोणी नसेल, तर आखून उपयोग काय? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी फेसबुकवर एक जाहिरात दिली. झुकेरबर्ग यांनी ट्रम्प यांना पाठिंबा दिला, असं तिच्यात म्हटलं होतं, आणि हे खोटं आहे हेही तिच्यातच पुढं सांगितलं होतं. नेत्याच्या जाहिरातीत धडधडीत खोटं चालतं, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. पुढं ट्रम्प पद सोडून माजी झाले तेव्हा त्यांची सवलत गेली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी पुन्हा उमेदवारी जाहीर केल्यावर ती परत लागू झाली. माणूस तोच, माध्यम तेच. अर्ज भरायची तयारी केली की तपासणी बंद.

आता रेडिओचंच उदाहरण घेऊ, कारण नेत्यांचं बोलणं तपासण्याची जुनी रीत आपल्याकडे इथंच आहे. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीपासून मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी आणि दूरदर्शनवर प्रचारासाठी मोफत वेळ मिळतो. भाषणाची संहिता आधी द्यावी लागते. कोणत्या धर्मावर वा समाजावर हल्ला नको, हिंसेला चिथावणी नको, न्यायालयाचा अवमान नको, कोणावर नाव घेऊन टीका नको, अशी बंधनं असतात. २०२४ च्या निवडणुकीत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सीताराम येचुरी यांना त्यांच्या भाषणातले काही शब्द गाळायला सांगण्यात आलं. सरकारच्या कारभाराचं कठोर शब्दांत वर्णन करणारी ती विशेषणं होती.

विशेषण हे मत असतं. ते नेत्याचं आहे आणि ते बोलण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. त्याच भाषणात एखादा आकडा चुकीचा असता, तर तो दुरुस्त करून श्रोत्यांपुढं ठेवायची मात्र काही सोय नाही. म्हणजे शब्द गाळले जातात आणि आकडा तसाच जातो. मला हवंय ते याच्या नेमकं उलट. शब्द सगळे राहू देत, अगदी बोचरे असले तरी. आकडा, तारीख, चित्रफीत, आवाज, कायद्याचं कलम हे तपासा. ‘हे सरकार नालायक आहे’ हे वाक्य तपासायचं नाही. ‘या सरकारनं अमुक इतक्या विहिरी खोदल्या’ हे वाक्य तपासायचं. ‘आम्ही पाच वर्षांत इतक्या खोदू’ हे पुन्हा तपासायचं नाही, कारण आश्वासनाचा हिशेब पाच वर्षांनी मतपेटीत होतो. एवढी मर्यादा पाळली, तर निवाडा देण्याची जी भीती दाखवली जाते ती बरीचशी उरत नाही.

आपल्याकडे याचा अनुभव काय? डिसेंबर २०२० मध्ये शेतकरी आंदोलनाच्या एका चित्रफितीवरून भाजपच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख अमित मालवीय यांच्या ट्विटवर, आणि मे २०२१ मध्ये काँग्रेसचा म्हणून दाखवलेल्या ‘टूलकिट’ नावाच्या दस्तऐवजावरून भाजपचे प्रवक्ते संबित पात्रा यांच्या ट्विटवर, ट्विटरनं ‘मॅनिप्युलेटेड मीडिया’ असा टॅग लावला. दुसऱ्या वेळी सरकारनं तो टॅग काढायला सांगितलं, आणि २४ मेच्या संध्याकाळी दिल्ली पोलीस ट्विटरच्या कार्यालयांत पोचले. आता दुसऱ्या बाजूचं पाहा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आरक्षणाबद्दल अमित शहा यांच्या भाषणाची काटछाट केलेली चित्रफीत तेलंगणा काँग्रेसच्या खात्यावरून फिरली. दिल्ली पोलिसांनी थेट मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांना नोटीस धाडली, काही कार्यकर्त्यांना अटकही झाली.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की एक गोष्ट लक्षात येते. खाली एक पट्टी आलेली सगळ्याच पक्षांना बोचते, पण पट्टी नसली की तिच्या जागी पोलीस येतात. शहांच्या त्या चित्रफितीखाली तासाभरात त्यांचं मूळ, अखंड भाषण लावलं गेलं असतं, तर पाहणाऱ्यानं स्वतःच ठरवलं असतं. अटक हा खोट्यावरचा उपाय म्हणून फार महाग पडतो. त्यात उद्या खरं बोलणाराही सापडतो.

आणि तपासणारा सरकारच असला तर? हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात सविस्तर लढला गेला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल केला. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा कुठला मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा आहे, हे सरकारनंच नेमलेला विभाग ठरवणार होता. विनोदकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि इतरांनी त्याला आव्हान दिलं. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांचे निकाल परस्परविरोधी आले. मग प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे, न्या. अतुल चांदूरकर यांच्याकडे गेलं. २० सप्टेंबर २०२४ रोजी त्यांनी हा बदल घटनाबाह्य ठरवला. खोटं म्हणजे काय, दिशाभूल म्हणजे काय, याची व्याख्याच नियमात नव्हती. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्यानंच त्या लिखाणावर शिक्का मारायचा, हे कुठल्याच पक्षाच्या सरकारला देता कामा नये.

म्हणजे तपासणारा सरकार नको आणि कंपनीचा नोकरही नको. बाहेरच्या, आपला पैसा कुठून येतो हे जाहीर करणाऱ्या संस्था हव्यात. त्यांनी पुरावा मांडावा, नेत्याला हरकत घेता यावी, आणि त्या हरकतीचं उत्तरही तिथंच दिसावं. मतदानाआधीच्या दोन दिवसांत हे काम तासांच्या हिशेबानं व्हायला हवं. मे २०२४ मध्ये निवडणूक आयोगानं पक्षांना बनावट चित्रफिती तीन तासांत काढायला सांगितलं होतं. काढायला तीन तास पुरत असतील, तर खाली दोन ओळी लिहायलाही पुरतील.

फेसबुकच्या मालक ‘मेटा’ कंपनीनं मात्र जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेपुरती ही बाहेरच्या संस्थांची व्यवस्थाच गुंडाळायचं जाहीर केलं आणि ‘कम्युनिटी नोट्स’ची वाट धरली. ‘एक्स’वर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, ती आधीपासून आहे. वापरणारेच टीप लिहितात, आणि एरवी एकमेकांशी सहमत नसणाऱ्यांना ती टीप उपयोगी वाटली तरच सगळ्यांना दिसते. कल्पना चांगली आहे, पण ज्या विषयावर समाज दुभंगलाय तिथं असं एकमत वेळेत होत नाही, आणि नेत्यांची खोटी विधानं नेमकी त्याच विषयांवर असतात. पूरक म्हणून ती राहू दे. तेवढ्यावर भागणार नाही.

एक भीती मलाही आहे, ती मजकूर काढण्याची आणि खाती बंद करण्याची. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकी संसदेवर हल्ला झाल्यावर ट्विटरनं ट्रम्प यांचं खातं कायमचं बंद केलं, तेव्हा जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनीही काळजी व्यक्त केली होती. ती योग्यच होती. मतदाराला आपला नेता काय बोलतो हे कळलंच पाहिजे, खोटं बोलतो तेव्हा तर जास्तच. म्हणून तर पुराव्याची ओळ हवी, पडदा नको.

आणि हे सगळं मराठीतही हवं. आपले नेते भाषणं मराठीत करतात, तालुक्याच्या भाषेत करतात. त्यांची पडताळणी इंग्रजीत वाचायला मिळून काय करायचं? मराठीत हे काम करणारे लोक आहेत, पण थोडे आहेत. विद्यापीठांच्या पत्रकारिता विभागांनी आणि जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांनी यात उतरायला हवं. आपल्या जिल्ह्यात धरण किती भरलं, कर्जमाफी किती खात्यांवर जमा झाली, हे बाहेरचा कोणी तपासू शकणार नाही.

श्रोतेहो, शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे. उद्या तुमच्या आवडत्या नेत्याच्या पोस्टखाली अशी ओळ दिसली, तर संतापून पुढं जाऊ नका. ती उघडा, दिलेला पुरावा वाचा. पटला नाही तर का पटला नाही ते त्या संस्थेला लिहून कळवा. आणि पटला, तर ज्या गटात ती पोस्ट तुम्ही पाठवली होती, त्याच गटात हा पुरावाही पाठवा.