न पाहिलेले आणि नसलेले



आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या आपणा सर्वांचे अभिनंदन. ते आपल्या आईवडिलांनी माझ्याआधीच आणि माझ्याहून अधिक मनापासून केलेले असणार, तेव्हा त्यात वेळ न दवडता ज्या विषयात माझे आयुष्य गेले त्याकडेच वळते.

तो विषय म्हणजे माकडाच्या मेंदूचा ललाटखंड. कपाळामागच्या त्या भागातील पेशींची रचना कशी आहे, तेथे कोठकोठून चेतातंतू येतात आणि तेथून कोठे जातात, याचा नकाशा काढण्याचा हा उद्योग. शस्त्रक्रियेच्या वा वैद्यकाच्या पदव्युत्तर जागा ज्यांना मिळाल्या नाहीत अशा उरलेल्यांचे शास्त्र, असा शरीररचनाशास्त्राचा आमच्या काळी लौकिक होता. आणि त्यातही जिवंत रोग्याशी काडीचा संबंध नसलेले माकडाचे बाह्यक, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, घेऊन बसणारी बाई म्हटल्यावर, विभागाच्या बैठकीत चहाचा हिशेब ठेवण्याचे काम तिच्याकडे यावे, हे कोणालाही वावगे वाटत नसे.

या शास्त्रातील भांडणेही मोठी मासलेवाईक. ब्रोडमानने 1909 साली पेशींच्या थरांवरून बाह्यकाचे क्रमांकित विभाग पाडले. 1940 मध्ये वॉकरने मॅकाक माकडाच्या ललाटखंडाचा नवा नकाशा काढला, आणि त्यात 12 हा क्रमांक ज्या जागेला दिला तिचा मनुष्याच्या नकाशातील 12 शी मेळ बसेना. अखेर 1994 मध्ये माँट्रियलचे पेट्रिडीस आणि भारतातून बॉस्टनला गेलेले दीपक पंड्या यांनी तिला 47/12 असे जोडनाव देऊन तडजोड केली. परंतु पंड्यांची खरी थोरवी या नामकरणात नाही. माथ्याखालच्या पार्श्विकाखंडातून ललाटखंडाकडे जाणारे तंतू वाटेल तसे विखुरत नाहीत, वरच्या भागातले ढोबळमानाने वर आणि खालच्या भागातले खाली अशी त्यांची शिस्त आहे, हे त्यांनी पेट्रिडीस यांच्यासह 1984 साली दाखवून दिले, त्यात ती आहे. हे दाखवायचे तर एकेका माकडाचा मेंदू घेऊन सूक्ष्मदर्शकापाशी महिनोन्‌महिने बसावे लागते.

आमची रीत साधीच होती. हॉर्सरॅडिश नावाच्या मुळापासून काढलेले एक विकर मेंदूच्या ठरावीक जागी सुईने सोडायचे. तंतूंची टोके ते शोषून घेत आणि मूळ पेशीपर्यंत उलट वाहून नेत. मग गोठवलेल्या मेंदूचे, मिलिमीटरच्या पंचविसाव्या हिश्शाइतके पातळ काप काढायचे, ते पाण्यात तरंगत ठेवून मऊ कुंचल्याने जिलेटिन लावलेल्या काचेवर चढवायचे, आणि रसायनाची क्रिया झाल्यावर कोठल्या पेशीत निळे कण दिसतात ते टिपून घ्यायचे. आमच्याकडे एक परिचर होते. पात्याला धार लावण्यात त्यांचा हात असा बसलेला की, त्यांनी रजा घेतली की संशोधनही रजेवर जाई. त्यांचे नाव कोठल्याही निबंधावर छापले गेले नाही, याची मला अजून चीड येते. पावसाळ्यात काचांवर बुरशी चढे, वीज गेली की गोठवलेला मेंदू वितळू लागे, आणि माकडांची मंजुरी कोणत्या टेबलावर अडली आहे याचा तपास करण्यात माझी उमेदीची वर्षे खर्ची पडली. 1978 मध्ये आपल्या सरकारने ऱ्हीसस माकडांची निर्यात बंद केली. तोवर जगाच्या प्रयोगशाळांना ही माकडे आपणच पुरवीत होतो, आणि आम्हांला मात्र एक माकड मिळवायचे तर तीन खात्यांचे दाखले लागत!

अनुदान देणाऱ्या एका कार्यालयाकडून दर तिमाहीला एक तक्ता येई. त्यात ‘आढळलेले संबंध’ असा रकाना होता. एका तिमाहीत कानशिलामागच्या शंखखंडाचे काप तपासून व्हायचे होते, म्हणून तेवढा रकाना मी कोरा ठेवला. कारकुनाने शिरस्त्याप्रमाणे तेथे ‘निरंक’ लिहिले, आणि वरिष्ठांनी त्याचा अर्थ असा घेतला की शंखखंड व ललाटखंड यांच्यात संबंधच नाही, सबब पुढील खर्चाचे प्रयोजन नाही. जे तंतू दोन्ही खंडांना जोडतात म्हणून पाठ्यपुस्तकांत छापलेले आहेत, ते सरकारी दप्तरात नाहीसे झाले.

कारकुनाला हसून भागत नाही, कारण विद्वानही तेच करतात. पवईच्या आय.आय.टी.तून 1990 साली बाहेर पडलेले धर्मेंद्र मोधा यांनी राघवेंद्र सिंग यांच्यासह 2010 मध्ये 410 शोधनिबंधांतील नोंदी गोळा करून, मॅकाकच्या मेंदूच्या 383 विभागांमधील 6,602 दूरच्या जोडण्यांचे जाळे मांडले, आणि ललाटखंडाचा अग्रभाग त्याच्या केंद्रस्थानी आहे असे दाखवले. काम फार मोलाचे आहे. पण त्यातील एकेक रेघ म्हणजे कोणाच्या तरी डोळ्यांचे कष्ट आहेत, आणि जेथे रेघ नाही तेथे तंतू नाही की पाहणारा नव्हता, हे त्या चित्राकडे नुसते पाहून कळत नाही. पुढे 2014 मध्ये ल्यों येथील केनेडी यांच्या गटाने बाह्यकाच्या 91 पैकी 29 विभागांत प्रत्यक्ष माग काढणारे द्रव्य सोडून 1,615 मार्ग मोजले, तेव्हा त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक मार्ग पूर्वी कोणी नोंदवलेच नव्हते असे निघाले. उरलेले 62 विभाग वाटच पाहत होते.

सांताक्रूझमध्ये बसलेल्या श्रोत्यांना हे अधिक समजावण्याची गरज नाही. 26 जुलै 2005 ला येथील वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि कुलाब्याला जेमतेम 73. मुंबईत कुलाब्याचे एकच पर्जन्यमापक असते, तर त्या दिवशीच्या सरकारी नोंदीत जोरदार सरी पडल्या असत्या, इतकेच.

म्हणून माझा आग्रह एवढाच, आणि तो मी हट्टाने पुन्हा पुन्हा सांगते: न पाहिलेल्याची नोंद नसलेले म्हणून करू नका. आता यंत्रे जिवंत माणसाच्या मेंदूतील पाण्याच्या हालचालीवरून तंतूंची रंगीत चित्रे काढून देतात. त्यांत नसलेले तंतू दिसतात आणि असलेले गळतात, शिवाय तंतू कोणत्या दिशेने जातो हे तर कळतच नाही. तरीही ती चित्रे इतकी देखणी असतात की शंका घेणारा अरसिक ठरावा. आपण खुशाल अरसिक ठरा. पुढे प्रबंध लिहाल तेव्हा त्याच्या अखेरीस आपण काय तपासले नाही त्याची यादी जोडा. परीक्षक नाराज होतील. माझ्या प्रबंधातील त्या पानावर एका परीक्षकाने लाल शाईने ‘अनावश्यक’ असा शेरा मारला होता. मी ते पान काढले नाही, आणि त्यांनीही, थोडी कुरकूर करून का होईना, सही केली.