पुलाखालची जागा, मुलांची जागा
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



हीरक महोत्सवात मुख्याध्यापिकेने काय बोलावे याचे संकेत ठरलेले आहेत. संस्थापकांचे स्मरण, निकालांचा आढावा आणि देणगीदारांचे आभार हे सारे सकाळच्या सत्रात यथासांग झाले. आता मला जे सांगायचे आहे त्याची सुरुवात माझ्या एका चुकीपासून होते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. इयत्ता सातवीतील एक मुलगा मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या उतारावरून गाडी चालवताना मला सापडला. गाडी त्याने स्वतः केलेली होती. एक फळी, तिला ठोकलेल्या दोन आडव्या पट्ट्या आणि भंगारातून आणलेली चार बेअरिंगे. आपल्या पोलादाच्या गावात बेअरिंगची गाडी ठाऊक नाही असा माणूस विरळा. या सभागृहातील अनेक सन्माननीय गुडघ्यांवर तिच्या खुणा अजून असतील. मी गाडी जप्त केली आणि शाळेत असले खेळ चालणार नाहीत, असे बजावले. त्याने मान खाली घातली. उद्धटपणाचा लवलेशही नसलेल्या स्वरात त्याने विचारले, "मग कुठे चालवू, बाई?"

मला उत्तर देता आले नाही. रस्त्यावर चालव असे म्हणणे शक्य नव्हते. मैदानात चालव म्हणावे, तर तो जिथे राहतो तिथे मैदान नाही. मी त्याला वर्गात पाठवले आणि गाडी कपाटात ठेवून कुलूप लावले. त्या प्रश्नाला मात्र कुलूप लावता आले नाही.

आपल्या गावाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळात दुर्ग जिल्ह्याच्या या माळावर एक आखीव नगरी उभी राहिली. १९५६ पर्यंत नागपूर हीच आपलीही राजधानी होती. त्यामुळे विदर्भातील घरांना भिलाई परकी वाटली नाही. तुमचे आजोबा-वडील असेच इकडे आले. सेक्टरांची आखणी करणाऱ्यांनी घरांबरोबर शाळा, बाजार, बागा आणि मैदाने यांचाही विचार केला. रुळांच्या अलीकडे, कॅम्पात आणि पावर हाउसच्या बाजारपेठेभोवती, वस्ती मात्र गरजेपोटी वाढत गेली. तिथे घर झाले, दुकान झाले, देऊळ झाले. मुलांच्या खेळासाठी मोकळी जागा सोडायचे राहून गेले. आपल्या शाळेची बहुसंख्य मुले आज याच बाजूची आहेत.

आता याच बाजूला, जी. ई. रोडवर, उड्डाणपूल झाला आहे. वरून वाहने जातात. खाली मात्र खांबाखांबांमध्ये एक लांबलचक सावली पडून आहे. ऊन नाही, पाऊस नाही, आणि ठरलेला उपयोगही नाही. अशा जागेचे पुढे काय होते ते आपण सगळ्या शहरांत पाहतो: नादुरुस्त गाड्या, कचरा आणि रात्री पत्त्यांचा डाव. त्या जागेतील एका तुकड्यावर सर्वांसाठी खुला, कायमस्वरूपी स्केटपार्क व्हावा, अशी कल्पना मी आज आपल्यापुढे ठेवत आहे.

स्केटपार्क हा शब्द काहींना नवा असेल. ते सपाट मैदान नव्हे. काँक्रीटचे लहानमोठे उतार, बुटक्या भिंती, पायऱ्या, कडेला लोखंडी नळी आणि मध्ये गुळगुळीत फरशी, अशी ती रचना असते. चाके लावलेली फळी, म्हणजे स्केटबोर्ड, किंवा पायांत चाकांचे बूट घालून मुले तिच्यावर खेळतात. थोडक्यात, माझ्या सातवीतल्या मुलाने व्हरांड्याच्या उतारावर जे शोधले होते तेच, परंतु विचारपूर्वक बांधलेले.

हा खेळ श्रीमंतांचा, परदेशी, अशी शंका मलाही होती. ती दूर केली मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्याच्या जनवार या खेड्याने. उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंच्या पुढाकाराने तिथे २०१५ साली स्केटपार्क झाला. त्याचे दोनच ठळक नियम होते: शाळेत न जाणाऱ्याला फळी नाही, आणि मुलींना पहिली पाळी. त्याच गावची आशा गोंड ही आदिवासी मुलगी २०१८ साली चीनमधील नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली. राजस्थानातील खेमपूर गावात 'स्केटर गर्ल' या चित्रपटासाठी असाच पार्क बांधला गेला. चित्रीकरण संपल्यावर तो मोडला नाही, गावातल्या मुलांसाठी ठेवला. टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच आला तेव्हा मोमिजी निशिया या जपानी मुलीने सुवर्णपदक जिंकले. तिचे वय होते तेरा वर्षे, म्हणजे आपली आठवीतली मुलगी. चाकांच्या बुटांवरील शर्यतीत २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांमध्ये आपल्या मुलांच्या आणि मुलींच्या, दोन्ही संघांनी कांस्यपदके मिळवली. मुलांच्या संघात सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे ही नावे वाचून मराठी मनाला झालेला आनंद मी लपवत नाही.

तरी पदकांसाठी मी हे मागत नाही. शंभरात एखाद्याला पदक मिळेल. उरलेल्या नव्याण्णवांना जागा मिळाली पाहिजे.

पुलाखालची जागा खरोखर कामी येते का, याचेही दाखले आहेत. मुंबईत माटुंग्याच्या रहिवाशांनी उड्डाणपुलाखालील जागेत वाहनतळ आणि अड्डे होऊ नयेत म्हणून स्वखर्चाने पहारेकरी नेमले आणि महापालिकेकडे पाठपुरावा केला. २०१६ साली तिथे नानालाल मेहता उद्यान झाले. त्यातील चालण्याची वाट नर्मदेच्या प्रवाहासारखी वळणे घेत जाते. अमेरिकेत पोर्टलँड शहरी बर्नसाइड पुलाखाली १९९० साली मुलांनी परवानगीविनाच स्वतः काँक्रीट ओतायला सुरुवात केली. पुढे शहराने त्यास मान्यता दिली. लंडनमध्ये थेम्सकाठच्या एका सभागृहाखालील मोकळ्या जागेत १९७० च्या दशकापासून मुले खेळत होती. २०१३ मध्ये तिथे दुकाने काढण्याचे ठरले, तेव्हा हजारो नागरिक मुलांच्या बाजूने उभे राहिले आणि २०१४ मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. पोर्टलँडच्या मुलांचे धाडस मला आवडते. अनुकरण मात्र माटुंग्याचे करावे असे मी म्हणेन. आपण आधी अर्ज करू, मग काँक्रीट ओतू.

त्या अर्जापूर्वी कोणते प्रश्न सोडवावे लागतील?

पहिला प्रश्न मालकीचा. पुलाखालची जमीन महामार्गाची की महानगरपालिकेची, हे कागदावर पाहिले पाहिजे. तोंडी होकारावर बांधलेली गोष्ट अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर जाते. परवानगी लेखी हवी, तिची मुदत स्पष्ट हवी, आणि पुढील दुरुस्ती कोणी करायची हेही त्याच कागदावर हवे.

दुसरा प्रश्न पुलाच्या सुरक्षिततेचा. खांबांच्या पायाजवळ खणता येणार नाही. म्हणून खोल वाडग्यासारखी रचना नको, जमिनीवर उभारलेले उतार हवेत. पुलाच्या तपासणीसाठी माणसे आणि यंत्रे आत येतील एवढी वाट मोकळी ठेवावी लागेल. खांबांना मऊ आवरण लागेल. पुलाच्या सांध्यांतून आणि नळांतून पावसाचे पाणी कुठे गळते ते एक पावसाळाभर पाहूनच आराखडा करावा लागेल. ओल्या काँक्रीटवर हा खेळ खेळता येत नाही.

तिसरा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. मुले तिथे पोहोचणार कशी? दोन्ही बाजूंनी वाहता रस्ता आहे. उतारावर पडणाऱ्या मुलाच्या गुडघ्यापेक्षा रस्ता ओलांडणाऱ्या मुलाच्या जिवाची मला अधिक काळजी आहे. सिग्नल, पट्टे, गतिरोधक आणि कडेने पुरेसे उंच कुंपण यांवाचून मी माझ्या एकाही विद्यार्थ्याला तिथे पाठवणार नाही. वाहनांचा धूरही मोजून घ्यावा लागेल. या तपासणीत ती जागा अयोग्य ठरली, तर हट्ट न धरता पावर हाउस परिसरात दुसरी पडीक जागा शोधू. माझा आग्रह मुलांच्या जागेसाठी आहे, पुलासाठी नाही.

चौथा प्रश्न टिकाऊपणाचा. पुष्कळ बागांतील व्यायामाची साधने पाहा: उद्घाटनाच्या दिवशी रंग आणि फीत, दुसऱ्या वर्षी गंज. स्केटबोर्डचे चाक जेमतेम दोन इंचांचे असते. एक खडा अडकला तरी मूल तोंडावर आपटते. म्हणून तिथले सर्वांत मोलाचे साधन म्हणजे झाडू. रोज कोण झाडणार, दिवे कोण लावणार आणि तडे कोण बुजवणार हे ठरल्याशिवाय नारळ फोडू नये. प्राथमिक उपचारांची पेटी, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, नवशिक्यांसाठी वेगळा बुटका उतार, आणि डोक्यावर शिरस्त्राण असल्याखेरीज प्रवेश नाही हा नियम, यांपैकी काहीही 'पुढे पाहू' म्हणून सोडता येणार नाही.

आणि पाचवा प्रश्न: तिथे मुली येतील का? नुसती जागा खुली केली, की ती मोठ्या मुलांची होते. हा माझा तीन दशकांचा मैदानावरचा अनुभव आहे. म्हणून आठवड्यातील काही ठरलेले तास फक्त मुलींचे असावेत, प्रकाश चांगला असावा, आणि बसायला बाक असावेत, म्हणजे आया, आजोबा आणि आजी तिथे टेकतील. ज्या जागेवर आजीची नजर असते, तिथे पत्त्यांचा डाव फार काळ टिकत नाही.

काही पालकांच्या मनातला प्रश्न मला ऐकू येतो. मराठी शाळांची पटसंख्या घटत असताना बाई खेळाचे काय घेऊन बसल्या आहेत? पटसंख्येची चिंता मी रोज हजेरीपटावर वाचते. पण मूल भाषा शिकते ते केवळ पाठ्यपुस्तकातून नव्हे. आमची मुले घरी मराठी, बाजारात हिंदी आणि मित्रांत छत्तीसगढी बोलतात. एकत्र खेळण्याची जागाच नसेल, तर ही मुले एकमेकांना केवळ शाळेच्या गणवेशावरून ओळखतील. ज्या गावात आपल्याला जागा आहे, त्याच गावाला मूल आपले म्हणते.

हीरक महोत्सव निधीतून मी एक रुपयाही मागत नाही. तो पैसा शाळेचा आहे आणि शाळेतच लागेल. मला तुमचे कसब हवे आहे. तुमच्यांत कारखान्यातून निवृत्त झालेले अभियंते आहेत, काँक्रीटची जाण असलेले ठेकेदार आहेत, वकील आहेत, अस्थिरोगतज्ज्ञ आहेत. जिथून देशभराच्या रेल्वेचे रूळ जातात, त्या गावाला उताराच्या कडेची एक लोखंडी नळी वाकवणे जड जाऊ नये. आणि आराखड्याच्या पहिल्या बैठकीला किमान निम्मी मुले असली पाहिजेत. त्यांना विचारल्यावाचून आखलेले मैदान त्यांचे होत नाही, हे मी उशिरा शिकले आहे.

जाता जाता त्या गाडीविषयी. कपाट आवरताना ती सापडली. तो मुलगा आता मोठा झाला आहे, वेल्डिंगचे काम करतो. मागच्या रविवारी मी त्याला बोलावले, गाडी परत केली आणि त्याची क्षमा मागितली. तो हसला, म्हणाला, "बाई, मी तर विसरलोही होतो." मग आम्ही दोघे पुलाखाली गेलो. त्याने फीत धरली आणि मी वहीत आकडे लिहिले. तो आज सभागृहात आहे. नाव सांगू नका असे त्याने मला बजावले आहे.

ती वही बाहेर प्रवेशद्वाराजवळच्या मेजावर ठेवली आहे. मोजमापे पहिल्या पानावर आहेत. पुढच्या पानावर तीन रकाने आखले आहेत: नाव, येणारे काम आणि देता येईल तो वेळ. चहाला जाण्यापूर्वी तिथे थोडे थांबावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.