संरक्षण-संशोधनास शासकीय अनुदान आणि आपले लहान कारखानदार
(वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आजचा आमचा विषय ऐकून काहींच्या कपाळास आठ्या पडल्या असतील. वधूवर-परिचय, शिष्यवृत्त्या, वसतिगृह हे आपल्या मेळाव्याचे नेहमीचे विषय. त्यांत दारूगोळ्याचे काय काम? परंतु दारूगोळा खानदेशास परका नाही. भुसावळची आयुधनिर्माणी १९४९ सालची. चिनी आक्रमणानंतर दोन वर्षांनी, १९६४ साली, वरणगावची निघाली. वरणगावास बंदुकांची काडतुसे होतात. भुसावळास दारूगोळ्याच्या पेट्या झाल्या आणि पुढे 'पिनाक' अग्निबाणांचे पॉडही तयार झाले. या दोन कारखान्यांच्या पगारावर जिल्ह्यातील किती घरांच्या चुली पेटल्या, हे येथे सांगावयास नको. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित झाले व देशभरच्या ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे आणि भुसावळ यंत्र इंडियाकडे गेले.

इतक्या वर्षांत आपण तेथे कामगार झालो, फोरमन झालो. नकाशा मात्र नेहमी दुसऱ्याने काढलेला. नवा नकाशा काढणाऱ्या लहान माणसास सरकार पैसा देऊ लागले आहे, हे आम्हांस आज सांगावयाचे आहे.

ही कल्पना मूळची अमेरिकेतील. तेथे १९८२ साली कायदा झाला की, ज्या सरकारी खात्यांचा बाहेरून करवून घ्यावयाच्या संशोधनाचा खर्च दहा कोटी डॉलरांहून अधिक, त्यांनी त्यातील ठराविक हिस्सा लहान धंद्यांसाठी राखून ठेवावा. प्रारंभी तो शेकडा पाव टक्काही नव्हता. २०१७ पर्यंत ३.२ टक्क्यांवर गेला. संरक्षण खाते त्यातील सर्वांत मोठे दाते. आज जगभर ठाऊक असलेल्या क्वालकॉम कंपनीस तिच्या बाल्यावस्थेत याच योजनेचा हात मिळाला. तेथे पाचशे माणसांपर्यंतचा कारखाना लहान गणतात. त्या मापाने जळगावच्या औद्योगिक वसाहतीत मोठा म्हणावा असा कारखाना शोधावा लागेल!

आपल्याकडे एप्रिल २०१८ मध्ये चेन्नईच्या संरक्षण-प्रदर्शनात 'आयडेक्स' योजना सुरू झाली. तिची रीत सुबोध आहे. भूदल, नौदल, वायुदल आपल्या अडचणी प्रश्नरूपाने जाहीर करतात. नवउद्योग, लघुउद्योग, एकटादुकटा कल्पक कारागीरसुद्धा, त्यांवर आपला तोडगा पाठवितो. निवड झाल्यास दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळते. २०२२ साली मोठ्या कामांसाठी ही मर्यादा दहा कोटींची झाली, आणि मार्च २०२४ मध्ये 'अदिती' नावाच्या योजनेत अवघड तंत्रांसाठी पंचवीस कोटींपर्यंत. सागर डिफेन्स या महाराष्ट्रातील कंपनीने याच वाटेने चालकाविना चालणारी 'मातंगी' नौका केली आणि २०२४ साली ती मुंबईहून तुतिकोरिनच्या वाटेस लागली.

आता जे सांगतो ते विशेष ध्यानपूर्वक ऐकावे. हे अनुदान म्हणजे खिरापत नव्हे. सरकार जेवढे देते तेवढाच वाटा उद्योजकाने उभा करावयाचा असतो. शिवाय पैसा एकरकमी हाती पडत नाही. कामाचे टप्पे ठरतात, टप्पा पुरा झाला की हप्ता. दरम्यान कामगारांचे पगार, विजेचे बिल आणि बँकेचे व्याज थांबत नाही. नमुना तयार झाला की लष्कराच्या चाचण्या. त्या वाळवंटात होतील, हिमालयात होतील, आणि त्यांना वर्षे लागू शकतात. चाचणी उतरली म्हणजे खरेदी झालीच असेही नाही. लहान माणसाचा जीव जातो तो या मधल्या काळात. केळीची बाग गहाण ठेवून कोणी या वाटेस लागणार असेल, तर आम्ही त्यास आजच हात जोडून थांबवू.

संरक्षण संशोधन व विकास संघटनेचा तंत्रविकास निधी या बाबतीत सोयीचा. त्यात खर्चाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकते व प्रकल्पाची मर्यादा २०२२ साली दहा कोटींवरून पन्नास कोटींवर नेली गेली. मात्र तेथे निर्माण झालेल्या तंत्रावर संघटनेचीही मालकी राहते. करार वकिलाकडून वाचून घेतल्याविना सही करू नये, मग योजना कोणतीही असो.

आपल्या हाती आहे काय? जळगावने नळ्या, ठिबकच्या नळ्या आणि प्लास्टिकच्या चटया केल्या. पॉलिमर कसा वितळतो, उन्हात किती टिकतो, कोठे तडकतो, हे आपल्या लोकांस पुस्तकाविना कळते. सैन्यास हलक्या पेट्या, आच्छादने, थंडीत न तडकणाऱ्या टाक्या लागतात. आयात होणाऱ्या वस्तूंची यादी संरक्षण खात्याच्या 'सृजन' या स्थळावर २०२० पासून पाहावयास मिळते. तिच्यापासून आरंभ करणे आम्हांस अधिक शहाणपणाचे वाटते. थेट क्षेपणास्त्राकडे धावण्याचे कारण नाही.

२०१८ सालच्या राज्याच्या धोरणात संरक्षण-उद्योगाची केंद्रे म्हणून पाच शहरे नेमली गेली: पुणे, नागपूर, अहमदनगर, नाशिक व औरंगाबाद. दोन आयुधनिर्माणी असलेला आपला जिल्हा त्यांत नव्हता. २०२५ साली राज्याने केंद्रापुढे तीन संरक्षण-पट्ट्यांचा प्रस्ताव ठेवला, त्यांत नाशिक-धुळे आहे. धुळेकरांचे अभिनंदन, जळगावकरांनी गप्प का बसावे, हे आम्हांस कळत नाही.

शेवटी एक सूचना. आपला शिक्षणनिधी पदवीसाठी कर्जाऊ रक्कम देतो. मुलगा वा मुलगी अभियंता होते, पुण्यास जाते, आणि आपल्याकडे दिवाळीस येते. या निधीचा एक लहान भाग वेगळा काढून, ज्याची सरकारी निवड झाली आहे अशाच ज्ञातिबांधवास त्याच्या वाट्याच्या रकमेपोटी बिनव्याजी द्यावा. निवड सरकारचे तज्ज्ञ करतील. त्यामुळे कोणाचा पुतण्या, कोणाचा भाचा हा वाद आपल्या मंडळात उद्भवणार नाही, आणि तो किती मोठा लाभ आहे हे जुने सभासद जाणतात. ठराव पुढील सर्वसाधारण सभेपुढे येईल. ज्यांस यांत दुरुस्ती सुचवावयाची असेल त्यांनी ती लेखी स्वरूपात कार्यवाहांकडे आधी द्यावी.