निरोगी पाठीवरची चिकटपट्टी



ज्या शहरात महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे, त्या नाशिकमध्ये त्वचारोगतज्ज्ञांच्या परिषदेचे अध्यक्षपद मला दिलेत, याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. अध्यक्षाने वर्षभरातील नव्या औषधांचा आढावा घ्यावा अशी पद्धत आहे. तो आढावा उद्याच्या सत्रांत होईलच. मी आज एकाच माणसाविषयी बोलणार आहे. त्याला कोणताही आजार नाही, तो आपल्याकडे उपचारासाठी आलेला नाही आणि तरीही त्याच्या पाठीवर आपण चिकटपट्टी लावतो. क्रीम, शाम्पू, अत्तर किंवा केसांच्या डायमधला एखादा घटक ॲलर्जी करतो का, हे त्याच्या कातडीवर पाहिले जाते.

पॅच टेस्ट आपल्या रोजच्या कामाची आहे. योझेफ याडासोन यांनी 1895 मध्ये ग्राझच्या अधिवेशनात ती मांडली. रुग्ण आधीच त्रासलेला असतो, त्याच्या त्रासाचे कारण आपण शोधतो आणि उत्तर सापडले तर फायदा त्याचाच होतो. आपल्या महाराष्ट्रात या टेस्टने फार मोठे काम केले आहे. पुण्याच्या परिसरात 1950 च्या दशकात काँग्रेस गवत दिसू लागले. पुढे शेतकऱ्यांच्या मानेवर, पापण्यांवर आणि कोपरांच्या खळग्यांत चिवट इसब उमटू लागला. डॉ. लोणकर यांनी 1968 मध्ये आणि नंतर परदेशी सहकाऱ्यांसोबत 1974 मध्ये या गवताच्या ॲलर्जीची नोंद शास्त्रीय नियतकालिकांत केली. दोष सूर्याचा नाही, खतांचाही नाही, तो या गवतातील पार्थेनिनसारख्या द्रव्यांचा आहे, हे पाठीवरच्या पट्टीनेच दाखवून दिले. टिकलीखाली पडणाऱ्या पांढऱ्या डागाची गोष्टही अशीच आहे. तो डाग कोडाचा समजून किती मुलींची लग्ने अडली असतील! अलाहाबादच्या डॉ. बजाज यांनी 1990 मध्ये टिकलीच्या गोंदातील पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉलकडे बोट दाखवले.

ही झाली रुग्णाची टेस्ट. दुसरी टेस्ट वेगळी आहे आणि तिच्याबद्दल आपण परिषदांमध्ये फारसे बोलत नाही. तिच्यात शंभर किंवा अधिक निरोगी स्वयंसेवक घेतात. तीन आठवड्यांत एकाच जागी नऊ वेळा पट्टी लावतात. मग साधारण दोन आठवडे विश्रांती देतात आणि पूर्वी कधीही न स्पर्शलेल्या जागी तोच पदार्थ पुन्हा लावून 48 आणि 96 तासांनी पाहतात. पहिल्या टप्प्यात शरीराला त्या पदार्थाची ओळख करून देण्याचा प्रयत्न असतो आणि दुसऱ्या टप्प्यात ती ओळख पटली का हे तपासले जाते. ती पटली, तर त्या माणसाच्या टी-पेशींची स्मृती बहुधा आयुष्यभर टिकते. पट्टीखालची खाज आठवड्यात जाते, पण ॲलर्जी जात नाही. सुगंधी द्रव्याची ॲलर्जी जडलेल्या माणसाला पुढे साबणापासून आफ्टरशेव्हपर्यंत प्रत्येक बाटलीची मागची बाजू वाचावी लागते. केसांच्या डायमधील पीपीडी या द्रव्याची जडली, तर डायबरोबर काही सुन्न करणारी मलमे आणि कपड्यांचे काही रंगही त्रास देऊ शकतात. म्हणजे आजार शोधणारी आपली टेस्ट इथे आजार निर्माण करू शकते, तेही ज्याला काहीच झालेले नव्हते अशा माणसात. मला ही गोष्ट फार गंभीर वाटते.

माणसांवरच्या चाचण्यांचा इतिहास मुंबईलाही आहे. 1897 च्या जानेवारीत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातील तयार झालेल्या कैद्यांना दिली. तुरुंगातला होकार किती मोकळा असतो, हा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता. पण प्लेग त्या तुरुंगाच्या दारात होता आणि लस लागू पडली तर कैदी वाचणार होता. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात असे काही नव्हते. तिथे 1951 ते 1974 या काळात कैद्यांच्या पाठींवर प्रसाधनांपासून रसायनांपर्यंत अनेक गोष्टी लावल्या गेल्या. आपल्या शाखेतले मोठे नाव असलेले अल्बर्ट क्लिगमन यांनी 1966 मध्ये ॲलर्जीकारक द्रव्ये ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तिची पायाभरणी कैद्यांच्या कातडीवर झाली होती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेला या प्रकाराबद्दल जाहीर माफी मागायला 2021 साल उजाडले. आपण ज्या ज्ञानावर उभे आहोत, त्यातला काही भाग असा मिळालेला आहे. तो नाकारता येत नाही, पण त्या लोकांचे ऋण तरी मान्य करायला हवे.

भारताने 2014 मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर बंदी घातली आणि त्याच वर्षी अशा चाचण्या केलेल्या मालाची आयातही थांबवली. हा निर्णय योग्यच होता. पण गिनिपिगची सुटका झाली म्हणून त्याच्या जागी गरजू माणूस उभा राहू नये, एवढी काळजी आपल्याला घ्यावी लागेल. प्राण्यांशिवायच्या पद्धती आज उपलब्ध आहेत. एखादे द्रव्य त्वचेच्या प्रथिनांना चिकटते का, केराटिन पेशी त्याला कसा प्रतिसाद देतात, डेंड्रिटिक पेशींसारख्या पेशी जाग्या होतात का, या तिन्ही गोष्टी प्रयोगशाळेत पाहता येतात. या निकालांची सांगड कशी घालायची याची मार्गदर्शिका ओईसीडीने 2021 मध्ये, 497 या क्रमांकाने, दिली आहे. युरोपीय आयोगाच्या शास्त्रीय समितीने तर 1990 च्या दशकाच्या अखेरीसच निरोगी माणसांवर अशी भाकीतवजा चाचणी करण्याला नैतिक आक्षेप घेतला होता.

या टेस्टच्या बाजूने सांगितले जाते की, आज ती फक्त खात्री करण्यासाठी आणि सुरक्षित मानलेल्या मात्रेतच होते. जबाबदार मंडळी तसेच करतात, हे मी मान्य करतो. पण ही खात्री किती पक्की? शंभर जणांपैकी एकालाही ॲलर्जी झाली नाही, तरी संख्याशास्त्र एवढेच सांगते की, खरे प्रमाण 95 टक्के विश्वासाने शेकडा तीनपेक्षा कमी असावे. दोनशे जण घेतले तर शेकडा दीड. एक लाख लोक वापरतील अशा क्रीममध्ये शेकडा एक म्हणजे एक हजार रुग्ण! मेथिलआयसोथायाझोलिनोन हे संरक्षक द्रव्य 2005 पासून युरोपातील प्रसाधनांत दशलक्षात शंभर भागांपर्यंत चालत होते. काही वर्षांतच त्याच्या ॲलर्जीची लाट आली. काहींना नुकत्याच रंगवलेल्या खोलीत नुसते बसल्यानेही चेहऱ्यावर इसब उमटला, कारण तेच द्रव्य भिंतीच्या रंगातही होते. 2017 मध्ये ते त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांतून हद्दपार झाले. तेव्हा ‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले’ हे वेष्टनावरचे शब्द वाचून ग्राहकाला जे अभय वाटते, तेवढे अभय त्यामागच्या चाचणी-अहवालात नसते. आणि त्या अहवालावर सही आपली असते.

केसांच्या डायबद्दल थोडे बोलतो, कारण तिथे प्रत्येक ग्राहकालाच स्वयंसेवक केलेले आहे. कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला डाय लावून 24 तास थांबा, अशी सूचना आपल्या नियमांनी वेष्टनासोबत द्यायला लावली आहे. ॲलर्जीची प्रतिक्रिया मात्र बऱ्याचदा 48 ते 72 तासांनी दिसते. चोवीस तासांनी कान स्वच्छ दिसला म्हणून डोक्यावर डाय फासणारी बाई तिसऱ्या दिवशी डोळे सुजून आपल्याकडे येते. ही सूचना बदलून घेण्यासाठी आपल्या संघटनेने शासनाकडे पाठपुरावा केलाच पाहिजे.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. पेठ आणि सुरगाण्याहून माणसे हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत येतात. गोडी छाटणीनंतर काड्यांना पेस्टिंग करताना हायड्रोजन सायनामाइडने त्यांचे हात भाजतात. त्याच हातांना घरी आल्यावर स्वस्त क्रीम लागते. प्रसाधनांचे संशोधन आणखी वाढेल, तेव्हा स्वयंसेवक म्हणून येणारी माणसे बहुतेक अशाच घरांतली असतील. त्यांच्यासाठी मानधन ही किरकोळ रक्कम नसते. पैसे देऊ नयेत असे मी म्हणत नाही. वेळेचा आणि गैरसोयीचा मोबदला मिळालाच पाहिजे. पण धोका दिसेनासा होईल एवढा तो मोठा नसावा, आणि संमतीपत्रात ‘किरकोळ खाज येऊ शकते’ यावर भागवू नये. ‘ही ॲलर्जी कायमची राहू शकते’ हे वाक्य त्यात स्वच्छ मराठीत असावे. वाचता येत नसेल, तर साक्षीदारासमोर ते मोठ्याने वाचून दाखवावे.

मित्रहो, माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. प्रयोगशाळेतील निकाल आणि मात्रेचा हिशोब समोर असल्याशिवाय कोणत्याही नव्या घटकाची पट्टी निरोगी माणसाच्या पाठीवर लावू नका. अभ्यासाची नोंद आधी करा, नैतिकता समितीची मान्यता घ्या आणि प्रतिकूल निकाल कंपनीच्या कपाटात राहू देऊ नका, तो प्रसिद्ध करा. ज्याला ॲलर्जी जडली, त्याच्या हातात त्या द्रव्याचे नाव मराठीत आणि वेष्टनावर छापतात त्या रूपात लिहिलेले कार्ड द्या आणि पुढचे उपचार विनामूल्य करा. यातले काहीही करायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. आपल्यापैकी जे असे अहवाल लिहितात, त्यांनी या अटी न पाळलेल्या चाचणीच्या अहवालावर सही करू नये.