कोट्यातली बाटली



प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल बोलायचं ठरलंय. मी दुकानांच्या बिलाचं आणि साठ्याचं सॉफ्टवेअर करते. त्यावरून आठवलेली घरचीच गोष्ट सांगते.

माझे वडील निवृत्त फौजी. महिन्यातून एकदा श्रीगोंद्याहून एसटीने नगरला मिलिटरी कॅन्टीनमध्ये जायचे. पिशवीत साबण, चहापत्ती आणि कोट्यातल्या बाटल्या. स्वतः थेंबही घेत नसत, पण "हक्काचं का सोडायचं?" म्हणून कोटा पुरा उचलायचे. कर कमी म्हणून ती दारू स्वस्त. बाटलीवर छापलेलं असायचं, संरक्षण दलासाठीच. आमच्याकडून मात्र ती ट्रॅक्टरवाल्याला जायची, बोअरवाल्याला जायची आणि शेजारच्या काकांना.

काका लिव्हरने गेले. तेव्हा काकू आमच्या ओट्यावर बसून एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्याकडची चांगली असते, म्हणायचे हो." त्यानंतर वडिलांनी कोटा कधीच उचलला नाही.

आता कॅन्टीनमध्ये स्मार्ट कार्ड आहे. किराण्याचं वेगळं, दारूचं वेगळं. हुद्द्याप्रमाणे महिन्याचा कोटा ठरलेला. तो संपला की मशीन बिलच करत नाही. ती बाटली बाहेर विकणं गुन्हा आहे. पण माझ्या धंद्यातली खरी गोष्ट सांगते: मशीनला फक्त काउंटरपर्यंतचं दिसतं. गेटबाहेर बाटली कुणाच्या हातात गेली, हे कुठल्याच कार्डात येत नाही.

आपल्या शेजारच्या पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीत, दारूबंदीचं काम उभं केलं ते १९७५ साली फौजेतून परतलेल्या अण्णा हजारेंनी. २००८च्या शासन आदेशानुसार निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं, तर गावातलं परवान्याचं दुकान बंद होतं. पण मोटरसायकलच्या डिकीतून येणाऱ्या बाटलीवर मतदान कसं घेणार?

आपल्या बॅचमधले फौजी आता निवृत्त होऊन परतलेत. ते कार्ड आता तुमच्या खिशात आहे. तुमचा मान मोठा आहे; तुम्ही दिलेली बाटली माणूस मान म्हणूनच घेतो. म्हणून विनंती करते, कामाच्या बदल्यात पैसे द्या, बाटली देऊ नका. कोटा शिल्लक राहिला तर राहू द्या.

चहापत्ती मात्र खुशाल आणा. आमच्या घरी अजून तिथलीच येते.