अर्ध्या आयुष्याचा सौदा

मृत्यूशी घासाघीस म्हटली की आपल्याला सावित्री आठवते. पण महाभारताच्या आदिपर्वात आणखी एक सौदा आहे, आणि मला तो जास्त माणसासारखा वाटतो.

भृगुकुळातला रुरू. स्थूलकेश ऋषींच्या आश्रमात वाढलेली प्रमद्वरा त्याची वाग्दत्त वधू. लग्न तोंडावर आलेलं असताना, मैत्रिणींबरोबर खेळता खेळता तिचा पाय सापावर पडला. जमलेले ऋषी तिच्याभोवती बसून रडले. रुरू मात्र रानात निघून गेला आणि आपली पुण्याई मोजू लागला. दान केलं, तप केलं, गुरूंची सेवा केली. त्याच्या बळावर ती उठावी. दवाखान्याबाहेर बसून नवस बोलणारे आपण तरी वेगळं काय करतो? देवदूत आला, पण त्याला ही पुण्याई नको होती. अर्धं आयुष्य दे, म्हणाला. रुरूने तिथल्या तिथे दिलं.

युरिपिडीसच्या ‘अल्सेस्टिस’ या इ.स.पूर्व ४३८ मधल्या ग्रीक नाटकात राजा अॅडमीटसलाही मरण टाळायची सवलत मिळते, पण त्याच्याऐवजी दुसऱ्याने मरायचं. म्हातारे आईबाप नकार देतात, बायको तयार होते. वर हा बापाशीच भांडतो! तुला जीव प्यारा, तर मला का नसावा, असं बाप त्याला सुनावतो. मुलांकडे तारुण्य मागणारा आपला ययाती याच जातीचा.

प्रमद्वरा झोपेतून उठावी तशी उठली. लग्नही झालं. दुसऱ्या कुणी गोष्ट इथेच संपवली असती. पण रुरूचा राग गेला नव्हता. दिसेल तो साप मारायचा, अशी त्याने शपथ घेतली. एकदा रानात त्याने काठी उगारली ती एका म्हाताऱ्या डुंडुभावर, म्हणजे बिनविषारी सापावर. मी तुझं काय बिघडवलं, असं सापाने विचारलं, आणि रुरूचा हात थांबला.

हा डुंडुभ पूर्वीचा ऋषी. थट्टेत गवताचा साप करून त्याने मित्राला घाबरवलं होतं. मित्राने रागाच्या भरात शाप दिला आणि मग हळहळला. पण दिलेला शाप मागे घेता येईना. त्याला मुदत तेवढी घालता आली. रुरू भेटेल तेव्हा तू सुटशील, असं त्याने सांगून ठेवलं होतं. ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली, तोच काठी उगारून आला होता.