वेखंड : कारण असेल तरच



आज आम्हांस फार मोठ्या विषयावर बोलावयाचे नाही. बाळंतिणीच्या खोलीत सहाणेशेजारी ठेवलेल्या एका मुळीविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत. ती मुळी म्हणजे वेखंड.

शहरातील विद्यार्थ्यांनी वेखंड पाहिले असेल ते काष्ठौषधीच्या दुकानातील तपकिरी कांडीच्या रूपात. ही वनस्पती ओढ्याकाठी व दलदलीत वाढते. पाने तलवारीच्या पात्यासारखी लांब. चुरगाळली की उग्र सुवास येतो. आपण जिला मुळी म्हणतो, ते खरे तर चिखलात आडवे पसरणारे, गाठीगाठीचे खोड होय. वरची पाने वाळली तरी ते जिवंत राहते आणि पुन्हा फुटते. संस्कृतात व पालीत हिचे नाव वचा, हिंदीत बच, शास्त्रीय नाव अ‍ॅकोरस कॅलॅमस.

आपल्या आया-आज्यांनी वेखंडाचे अनेक उपयोग जपले. न्हाऊ घातल्यावर बाळाच्या टाळूला पूड लावणे, सर्दीत कपाळावर लेप देणे, उवांसाठी केसांना लावणे, कपड्यांना व पुस्तकांना कसर लागू नये म्हणून कांडी ठेवणे. आणि बाळगुटीत हळकुंड, जायफळ, मुरडशेंग यांच्यासोबत वेखंडाचाही वेढा असे. वेखंडाने वाचा लवकर फुटते, अशी समजूत होती.

या मुळीचा बौद्ध वाङ्मयाशीही संबंध आहे. विनयपिटकाच्या महावग्गात भेसज्जक्खंधक नावाचा विभाग आहे. आजारी भिक्खूंसाठी तथागतांनी ज्या मुळ्या औषध म्हणून अनुज्ञात केल्या, त्यांत हळद, आले, वाळा यांच्याबरोबर वचाही आहे. त्या वाटण्यासाठी पाटा-वरवंट्याचीही परवानगी दिली. परंतु एक अट घातली. कारण असेल तरच सेवन करावे. कारण नसता सेवन करणाऱ्या भिक्खूस दोष लागतो.

ही अट आम्ही ग्रंथात वाचली होती. घरात पाळली नाही. आमची नात तीन महिन्यांची होती. मूल सुदृढ, दूध चांगले पिणारे. तरी ती लवकर बोलावी म्हणून वेखंडाचे वेढे आम्हीच वाढविले. तिला उलट्या सुरू झाल्या, ती मलूल पडली. दवाखान्यात दोन रात्री काढल्या. डॉक्टरांनी गुटी बंद करावयास सांगितले, तेव्हा सूनबाई आम्हांस काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

नंतर आम्ही माहिती घेतली. आयुर्वेदात मोठ्या मात्रेतील वचा ओकारी आणण्यासाठीच वापरतात. भारतातील वेखंडाच्या तेलात बीटा-असरोन नावाचे द्रव्य बरेचदा मोठ्या प्रमाणात असते. ते असलेले तेल खाऊ घातलेल्या उंदरांत गाठी आढळल्या. म्हणून अमेरिकेने 1968 साली अन्नपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. प्रत्येक कांडीतील प्रमाण वेगळे असते. ते वेढे मोजून कळत नाही. पहिले सहा महिने बाळास आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, हे तर आता सर्वत्र सांगितले जाते.

मग वेखंड टाकून द्यावे काय? मुळीच नाही. कपड्यांत, पुस्तकांत ते खुशाल ठेवा. अंगाला लावावयाचे तर पूड मुलाच्या नाकातोंडात जाणार नाही, एवढे पाहा. मोठ्यांनीही ते पोटात घ्यावयाचे झाल्यास जाणकार वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे. तान्ह्या बाळास मात्र चाटवू नका.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांस एक काम सांगतो. आपल्या आजीजवळ बसा. कोणती मुळी, कशासाठी, किती, हे तिच्या तोंडून वहीत उतरवून घ्या. प्रत्येक नोंदीपुढे एक रकाना मोकळा ठेवा आणि त्यात 'कारण काय?' हा प्रश्न लिहा. आजीचा अनादर होणार नाही. उलट तिचे खरे ज्ञान टिकेल आणि चूक तेवढी गळून पडेल. जे चालत आले ते तपासून घ्यावे, हीच तर आपली शिकवण आहे.



जयभीम.